लॅक्रोस खेळत अमेरिकेच्या कॉलेजात

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. हॉकी सोडून लॅक्रोस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) खेळते. अमेरिकेत कॉलेजच्या संघात जायचं म्हणते. तयारी कधी सुरू करावी? – एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आत्ताच. डिव्हिजन एकचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाचे प्रशिक्षक खेळाडूशी थेट बोलू लागतात ते अकरावीच्या १ सप्टेंबरपासून. त्याआधी तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ तयार हवा. नुसते गोल जोडू नका, चूक तिथेच होते. जमिनीवरचा चेंडू धावता धावता जाळीत उचलणं, चेंडू हातचा गेल्यावर बचावाला मागे पळणं, हे प्रशिक्षक आधी बघतात. चित्रण गॅलरीच्या उंचीवरून करा. हॉकीत स्टिकची एकच बाजू वापरतात, म्हणून लॅक्रोसमध्ये हात बदलून पास देणं कच्चं राहतं. रोज भिंतीवर चेंडू मारून दोन्ही हातांनी शंभर-शंभर झेल घ्यायला लावा.

नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपा, एनसीएएच्या (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) पात्रता केंद्राला त्या लागतात. अकरावीत इंग्रजी, गणित सोडू नका. डिव्हिजन तीनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळू शकते. अभ्यासात बरी असेल तर ही कॉलेजं यादीत वर ठेवा. प्रशिक्षकांना ईमेल मात्र तिनेच लिहावा, पालकांनी नव्हे.