ग्राफिक्स कार्डाला पाणी लावण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) लावला की कोअर, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, ७८ अंशांवर असतो, पण मेमरी ११० गाठते. पंख्यांच्या आवाजाने आईची झोप मोडते. सीपीयूचा एआयओ (पंप आणि रेडिएटर जोडून आलेला तयार वॉटर कूलर) कार्डावर बसवू का? पावसाळ्यात दव धरेल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : दवाची काळजी सोडा. रेडिएटरमधलं पाणी खोलीपेक्षा थंड होतच नाही.

तुमचं खरं दुखणं मेमरी आहे. ११० अंशांच्या आसपास कार्ड स्वतःहून वेग कमी करतं. एआयओसाठी मूळ हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढावा लागतो आणि एआयओ फक्त मधल्या चिपवर बसतो. भोवतीच्या मेमरी चिप आणि व्हीआरएम (चिपला नेमकं व्होल्टेज पुरवणारे भाग) उघडे पडतात. कोअर थंड दिसेल, मेमरी मात्र आणखी तापेल. म्हणून नुसता एआयओ नकोच.

आधी थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदला. जुने पॅड दाबून बघा: कडक, तेल सुटलेले असतील तर तिथेच उत्तर मिळालं. जाडी मूळ मापाचीच घ्या, अर्धा मिलिमीटर जास्त झाला तरी कोअरवरचा हीटसिंक नीट टेकत नाही. सोबत कोअरवरची थर्मल पेस्ट बदला, अंडरव्होल्ट करा, म्हणजे सॉफ्टवेअरमधून चिपचं व्होल्टेज थोडं उतरवा. माझ्या वाशीच्या टेबलावर बहुतेक कार्डं एवढ्यावरच शांत होतात.

तरीही पाणीच हवं असेल, तर तुमच्या नेमक्या मॉडेलचा फुल कव्हर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा, कार्डभर बसणारा धातूचा ठोकळा) घ्या. तो मेमरीही झाकतो. ३२० वॅटच्या कार्डाला ३६० मिलिमीटरचा रेडिएटर द्या. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा अजिबात नको, गंज चढतो. आणि पहिल्यांदा फक्त पंप चालवून, जोडांखाली टिश्यू ठेवून, गळती तपासा.