आगमनकाळातली घरची प्रार्थना: वाचकांचे प्रश्न

घरात आम्ही पाच जण. मुलगा चर्चगेटहून येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. सासूबाईंना पूर्ण जपमाळ हवी आणि नातवंडे दुसऱ्या दशकालाच, म्हणजे दहा 'नमो मरियां'च्या दुसऱ्या फेरीलाच, पेंगतात. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, तरी रोज एकत्र प्रार्थना कशी जमवावी? (वाचक, नंदाखाल)

पाच दशकांची जपमाळ सावकाश म्हटली तरी वीस मिनिटांत होते. घरोघरी ती चाळीस मिनिटांवर जाते ती तिच्या शेपटामुळे. लितानी (मरियेच्या वा संतांच्या नावांची विनवणीमाला), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मृतांसाठी एक, आजाऱ्यांसाठी एक, परीक्षेसाठी एक! हे कधी संपणार ते ठाऊक नसले की मुले पेंगतात. म्हणून आधी शेवट ठरवा.

सोमवार ते शुक्रवार दहाच मिनिटे. क्रुसाची खूण करून मेणबत्ती लावायची, शुभवर्तमानातल्या पाच-सहा ओळी एकाने वाचायच्या, अर्धा मिनिट गप्प बसायचे. मग प्रत्येकाने एका वाक्यात आभार मानायचे, जपमाळेचे एकच दशक म्हणायचे आणि उठायचे. वाचन मुलांकडे द्या, पण दुपारीच एकदा वाचून घ्यायला लावा. अडखळत वाचले की भावंडे हसतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी पुस्तक हातात घेत नाही. वेळ जेवणाची पाने घेण्याआधीची धरा. जेवणानंतर ठेवलेली प्रार्थना चार दिवसांत मोडते. नऊला येणाऱ्या मुलासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवू नका. त्याचा वार शनिवार-रविवार. त्या दोन दिवशी पूर्ण जपमाळ होऊ द्या, सासूबाईंचेही समाधान होईल. आनंदाची रहस्ये, म्हणजे जपमाळेबरोबर मनात आणायचे येशू-मरियेच्या जीवनातले पाच आनंदाचे प्रसंग, सोमवारी आणि शनिवारी असतात. आगमनकाळातल्या रविवारीही ती घेण्याची जुनी रीत आहे. त्यांतली पहिली तीन, म्हणजे मरियेला देवदूताचा निरोप, तिने घेतलेली नातलग अलिशिबेची भेट आणि येशूचा जन्म, थेट नाताळच्या दारात आणून सोडतात.

वाचन कुठले, हा प्रश्न १९ डिसेंबरपासून सुटतो. १९ ते २४ असे सहा दिवस लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय तुकड्यांनी घ्या: जखऱ्या (योहानाचे वडील), मरियेला निरोप, अलिशिबेकडची भेट, मरियेचे स्तोत्र, योहानाचा जन्म, जखऱ्याचे स्तोत्र. चर्चमधल्या दैनंदिन मिस्सेतही (उपासनेतही) याच क्रमाने ते येते. मधल्या रविवारी चर्चमधले वाचन बदलले तरी घरचा क्रम सोडू नका.

आभार माना म्हटले की मुले रोज तेच म्हणतात, 'सगळ्यासाठी थँक यू'. (वाचक, श्रीरामपूर)

मोठी माणसेही तेच म्हणतात, फक्त लांबवून. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यांत आभार पहिली आहे, चुका नंतर. घरी तीन अटी घाला: गोष्ट कालच्या प्रार्थनेनंतर घडलेली हवी, तिच्यात एखाद्या माणसाचे नाव हवे आणि वाक्य एकच हवे. 'गणित समजावले म्हणून ताईसाठी' एवढे पुरते. काही सुचले नाही तर 'आज नाही' म्हणायची मुभा द्या.

बहुतेक ठिकाणी बिघडवतात ते आईवडीलच. मुलगा समोर बसलेला असताना 'देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे' म्हणणे ही देवाच्या पत्त्यावर पाठवलेली बोलणी आहेत. मुलाला ते लगेच कळते. त्याच्यासाठी तो झोपल्यावर मागा.

घरात या वर्षी कोणी गेले असेल, तर आभारांची सक्ती नको. अशा घरात बायबलमधले स्तोत्र १३ वाचा. 'किती काळ' या तक्रारीनेच ते सुरू होते आणि सहा ओवींत विश्वासापर्यंत येते. गेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने घ्या. नाताळला ते टाळले की घर अधिकच अवघडते.

आगमनचक्र, म्हणजे चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे, घरी करायचे आहे. जांभळ्या मेणबत्त्या मिळत नाहीत. (वाचक, पुणे)

पांढऱ्याच घ्या, तिघींना जांभळी आणि एकीला गुलाबी फीत तळाशी बांधा. गुलाबी तिसऱ्या रविवारची. दर रविवारी पेटत्या मेणबत्त्यांत एकीची भर पडते, म्हणून सगळ्या सारख्या आणल्या की पहिली अर्ध्यातच संपते. २०२६ मध्ये आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे २४ डिसेंबरपर्यंत पहिली २६ दिवस जळणार, दुसरी १९, तिसरी १२ आणि चौथी फक्त ५. रोज दहा मिनिटे धरली तर पहिलीला सव्वाचार तासांहून जास्त जळायचे आहे. ती जाड घ्या किंवा जोडीला एक राखून ठेवा.

थर्मोकोलचा पाया नको, तो पेटतो. पितळी परातीत दोन बोटे ओली वाळू भरा, मेणबत्त्या तिच्यात रोवा आणि भोवती क्रोटनच्या फांद्या खोचा. सुरूची डहाळी दिसायला सुरेख, पण वाळली की भडकते. फांद्या दर शनिवारी बदला. ज्योतीपासून पाने वीतभर लांब हवीत. पंखा बंद ठेवा, नाहीतर मेण एकाच बाजूने ओघळते.

काही जुनी मंडळी विचारतात, हे आपले की प्रोटेस्टंटांचे? जर्मनीत हॅम्बुर्गला १८३९ मध्ये योहान विखर्न या लुथरन पाळकाने अनाथाश्रमातल्या मुलांसाठी ते पहिल्यांदा टांगले. कॅथलिक घरांत ते नंतर आले. लावायला हरकत नाही.

आगमनकाळात मांसाहार बंद ठेवावा का? आणि नाताळच्या गोठ्यात येशूबाळ केव्हा ठेवायचे? (वाचक, मडगाव)

चर्चने सांगितलेले उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, दोन्ही ईस्टरआधीचे. आगमनकाळाला तसा नियम नाही. स्वखुशीने काही सोडायचे तर सोडा, पण ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण याच काळात येतो, तेवढे पाहून ठरवा. गोठा आधी बांधा, गव्हाण रिकामी ठेवा. बाळ २४च्या रात्री, मिस्सेहून आल्यावर, घरातल्या सर्वांत लहानाच्या हातून ठेवा.