गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च फक्त वरच्या मजल्यावाल्यांनी करायचा का?

अजिबात नाही. गच्ची अख्ख्या बिल्डिंगचं छप्पर आहे. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये "ज्याच्या घरात गळतंय त्याने बघावं" म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, हेच वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय म्हणून लिहायला बसले.

आम्ही सगळ्यात वर राहतो. बेडरूमच्या छताला आधी पिवळट डाग पडला, मग रंगाला फुगे आले आणि एका सकाळी प्लॅस्टरचा हा एवढा पोपडा आईच्या उशीवर पडला, ती नुकतीच उठून गेली होती म्हणून वाचली. वर बघितलं तर सळई उघडी पडलेली, गंजाचे पापुद्रे सुटलेले. तो पोपडा मी तसाच उचलून मीटिंगच्या टेबलावर नेऊन ठेवला. तळमजल्यावरचे काका म्हणाले, आम्ही गच्चीवर पाऊलही टाकत नाही, आम्ही का द्यायचे पैसे? मी म्हटलं, काका, पाया तुमच्या घराखाली आहे, उद्या तो खचला तर तुम्ही एकटे भरणार का? त्यावर गप्प. ठराव मात्र झाला नाही आणि पुढचा पावसाळा आम्ही बादल्या लावून काढला.

लोकांना वाटतं गळती म्हणजे रंगाचं काम. अहो, सळई गंजली की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आज नुसत्या वॉटरप्रूफिंगवर भागेल, लांबवलंत तर स्लॅबची दुरुस्ती पण मागे लागेल.

पैशाचं म्हणाल तर आधी रिपेअर फंड बघा, सिंकिंग फंडाला, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशाला, शक्यतो हात लावू नका, कमी पडेल ते सगळ्यांकडून काढा, हवं तर हप्त्याने, आणि गच्चीवर पाणी तुंबवून निदान २४ तास टेस्ट झाल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरला शेवटचं पेमेंट देऊ नका. वाटणी क्षेत्रफळावर की सारखी हे तुमच्या सोसायटीच्या नियमात असेल तसं, तिथे माझं मत चालणार नाही. आणि हो, वरच्या कुणी शेड नाहीतर डिश ठोकताना गच्चीला भोकं पाडली असतील तर तेवढा खर्च त्याचाच.

मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते नावासकट मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, लिहून घ्यायला लावा. आमच्या सेक्रेटरींनी लिहिलं नाही, आता काका म्हणतात मी असं बोललोच नव्हतो.