दोन सबवूफर जुळवताना टेपवर विसंबू नका

दोन्ही सबचं (खोल बास वाजवणाऱ्या सबवूफरचं) बसायच्या जागेपासूनचं अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये) भरलंत, तरी बास पोकळच वाटतोय ना? सुरुवातीला मीही तिथेच अडकलो होतो. आवाजाला एक मीटर कापायला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात, हे खरं. पण सबच्या आतलं डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) आणि फिल्टर स्वतःचा उशीर वर टाकतात, तो टेपला दिसत नाही. म्हणून मायक्रोफोन घ्याच.

आधी सब एकमेकांशी जुळवा, स्पीकर बंद ठेवून. बसायच्या जागी माइक ठेवून प्रत्येक सब वेगळा मोजा, मग दोन्ही एकत्र. एकत्र मोजलेल्या आवाजाच्या पातळीचा आलेख एखाद्या फ्रिक्वेन्सीला एकट्यापेक्षा खाली जात असेल, तर तिथे दोघे एकमेकांना खोडतायत. जो आधी पोचतो त्याला अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने मागे ओढत जा.

मग स्पीकर चालू करून, दोघांना एक समजून स्पीकरशी जुळवा. ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) असेल तर सबची पोलॅरिटी (सिग्नलची प्लस-मायनस दिशा) उलटी करून आलेखातला तिथला खड्डा सर्वांत खोल होईपर्यंत डिले (उशीर) बदला, आणि पोलॅरिटी पुन्हा सुलटी करा. ही युक्ती मला फार आवडते, कारण शिखरापेक्षा खड्डा नेमका दिसतो. आणि हो, रिसीव्हरमध्ये सबचं अंतर वाढवलं की त्याचा डिले कमी होतो. इथे बरेच जण उलटं करतात.