काळ्या मातीवर घर बांधताना पैसा आधी कुठे घालावा?

तुम्ही विचारलंय की औसा तालुक्यात गावाबाहेर दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतलाय, जमीन काळी आहे, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि ठेकेदार मटेरियलसकट स्क्वेअर फुटाचा दर सांगतोय. तो दर घ्यावा का, आणि सुरुवात कशापासून करावी? मी याच भागात शिक्षिका आहे. आमचं घरही काळ्या रानातच उभं आहे, आणि यजमानांची नोकरी बाहेरगावी असल्यामुळे कामावर लक्ष मीच ठेवलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दर आत्ता ठरवूच नका. तुमच्या जागेत पक्का मुरूम किती खोल लागतो हे कळल्याशिवाय कुठल्याही ठेकेदाराला खरा दर सांगता येत नाही. आधीच सांगतो त्याने एक तर भरमसाट धरलेलं असतं, नाहीतर पायाच्या कामात हात आखडता घ्यायचं मनाशी ठरवलेलं असतं. जोत्यापर्यंतचं काम प्रत्यक्ष मोजमापावर द्या आणि जोत्याच्या वरचं स्क्वेअर फुटावर. ठेकेदार कुरकुर करतील, पण चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

त्याआधी कागद. दोन गुंठे म्हणताय म्हणून मुद्दाम सांगते, तुकडेबंदी कायद्यामुळे, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे पाडून विकण्यावर बंधन घालणाऱ्या कायद्यामुळे, असे कितीतरी व्यवहार अडकत आलेत. लेआउट मंजूर आहे का, जागा एनए (बिगरशेती) आहे का, सातबाऱ्यावर फेरफार होऊन तुमचं नाव लागलंय का, हे वकिलाकडून तपासून घ्या आणि सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा शोध, काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा. नकाशा मंजूर होऊन बांधकामाची परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. कर्ज काढणार असाल तर बँकही हेच कागद मागते, आणि पैसे एकदम न देता कामाच्या टप्प्याटप्प्याने देते. त्यामुळे सुरुवातीचा खर्च भागेल एवढी रक्कम स्वतःजवळ हवी.

आता मातीकडे येते, कारण सगळं तिच्यावर आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. फूटिंग, म्हणजे पायाचा तळाचा रुंद भाग, त्या थरात राहिलं तर घर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या चिरा सुटतात. गिलावा कितीही वेळा केला तरी त्या परत येतात. जुन्या लोकांनी गावं पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, वसवली आणि काळी शेतीला ठेवली. आता प्लॉटिंग काळीत होतंय, तेव्हा पाया खाली मुरमापर्यंत न्यावाच लागतो. प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घेऊन बघा. एकाच प्लॉटमध्ये एका टोकाला मुरूम कमरेइतक्या खोलीवर लागतो आणि दुसऱ्या टोकाला डोक्याच्याही खाली जातो. मुरूम फारच खोल असेल तर अंडररीम्ड पाइल करतात, म्हणजे खालच्या टोकाला फुगीर केलेले काँक्रीटचे खांब. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी पुढे आणली. ते ठरवायचं काम मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.

आणि एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. खोदताना निघालेली काळी माती शेजारीच ढीग घालून पडलेली असते. ती जोत्यात परत ढकलली की ठेकेदाराचा मुरूम वाचतो. दोन-तीन पावसाळ्यांनी तुमची फरशी मधोमध फुगून वाजायला लागते. जोत्याचा भराव मुरमाचाच हवा, तोही सहा ते नऊ इंचांचे थर देऊन, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकलेला. घराभोवती उतार देऊन सिमेंटची पट्टी करा, म्हणजे पावळीचं पाणी पायाशी मुरत नाही.

आपल्या भागात मजबुतीबद्दल कुणाला सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांत सांधा नाही, आणि वर मातीचं प्रचंड ओझं. भिंती फाकल्या आणि माळवद अंगावर आलं. तेव्हापासून आपल्याकडे एक समज झालाय की आरसीसी केलं की घर पक्कं. नुसत्या कॉलम-बीमने घर पक्कं होत नाही. कॉलमच्या उभ्या सळयांना ज्या रिंगा घालतात, त्यांची टोकं काटकोनात दुमडून सोडली तर भूकंपात त्या उघडतात. टोकं कॉलमच्या पोटात, १३५ अंशांत वळलेली पाहिजेत, आणि बीम-कॉलमच्या सांध्याजवळ रिंगा जवळजवळ हव्यात. हे ड्रॉइंगवर असतं, म्हणून ड्रॉइंग लागतंच. गावाकडे बहुतेक जण नकाशा काढून घेतात आणि सळई मिस्त्रीच्या अंदाजावर सोडतात. इंजिनिअरची फी एकूण खर्चात फार नसते. ती वाचवू नका, पाहिजे तर पीओपी सोडा.

स्लॅबच्या दिवशी रजा काढून या. आदल्या संध्याकाळीच सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्यांच्या साच्यावर, चढून बघा. सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत का, इलेक्ट्रिकचे पाइप आणि पंख्यांचे बॉक्स पडलेत का, हे तेव्हाच बघता येतं. गॅलरी किंवा छज्जा बाहेर काढणार असाल तर तिथली मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते. माल टाकताना माणसं त्यावरून ये-जा करतात आणि ती सळई दबून खाली जाते. वरून काँक्रीट पडलं की काही दिसत नाही, पण त्या छज्ज्याचा सगळा जोर निघून गेलेला असतो. सळईला खालून खुर्च्या, म्हणजे वाकवलेल्या सळईचे टेकू, लावून घ्या आणि चालण्यासाठी फळ्या टाकायला सांगा.

दुसरं पाणी. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून मिक्सरवाला बादली जास्तच ओततो. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २५-२७ लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जास्तीच्या प्रत्येक बादलीने काँक्रीट कमजोर होतं. मिक्सरजवळ घरचं माणूस उभं करा. ओरडायची गरज नाही, कुणीतरी बघतंय एवढं पुरतं.

नंतर मात्र पाणी भरपूर लागतं. स्लॅबवर आळी बांधून निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. लातूर जिल्ह्यात हे एप्रिल-मेमध्ये करायला गेलात तर टँकरवर अवलंबून राहाल, आणि टँकर चुकला की काँक्रीट तापून कोरडं पडतं. म्हणून पाऊस उघडल्यावर दिवाळीच्या आसपास खोदाई आणि विहिरी-बोअरला पाणी आहे तोवर, जानेवारी-फेब्रुवारीत स्लॅब, असा बेत आखा. काळ्या रानात पावसाळ्यात खोदलेले खड्डे ढासळतातही.

करारात काय काय धरलंय ते एकेक करून लिहून घ्या. शोषखड्डा, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, गच्चीचा कठडा, पोर्च, कंपाउंड, वॉटरप्रूफिंगचा कोबा, यांतलं बरंच काही 'ते वेगळं' म्हणून नंतर पुढे येतं. पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर द्यावेत, उचल म्हणून नव्हे, आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. गच्ची गळते की नाही ते त्या पावसातच कळतं.

नकाशाबद्दल थोडंच सांगते. वास्तूचं ज्यांना बघायचं असेल त्यांनी ते नकाशाच्या वेळीच बघून घ्यावं, भिंत उभी राहिल्यावर नाही. आईवडील राहणार असतील तर एक खोली आणि संडास-बाथरूम खालीच, एका पातळीवर ठेवा. पश्चिमेच्या भिंतीवर झोपायची खोली नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती रात्रभर तापलेली राहते. तिथे जिना किंवा कोठीची खोली घ्या.

पुण्यातून दर आठवड्याला येणं होणार नाही, तर ठेकेदाराशी संबंध नसलेला एखादा साइट सुपरवायझर पगारावर ठेवा. मिस्त्रीला सांगून प्रत्येक टप्प्याचे फोटो मागवा. गिलाव्याआधी भिंतीतल्या पाण्याच्या आणि विजेच्या पाइपांचे फोटो टेप लावून काढून ठेवा, पुढे खिळा ठोकतानाही उपयोग होतो.

पुढच्या वेळी गावी याल तेव्हा आधी ते खड्डे घ्या आणि इंजिनिअरला ते उघडे असतानाच दाखवा. मुरूम कुठे किती खोल लागला ते इथे लिहिलंत तर ठेकेदाराशी कोणत्या मापावर बोलायचं ते मला आणखी नेमकं सांगता येईल.