नडगी दुखते, धावू की थांबू?

प्रश्न : बाळंतपणानंतर वर्षभराने पुन्हा धावायला लागले. तिसऱ्याच आठवड्यात नडगीची आतली कड ठणकू लागली. काय करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी बोटाने चाचपून बघा. घोट्याच्या वर, हाडाच्या आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल, तर हे बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला आलेलं दुखणं. एकाच जागी बोट ठेवताच कळ जात असेल किंवा झोपेतही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग धावणं त्याच दिवशी बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती चीर बरेचदा दिसत नाही, तेव्हा तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका.

दम लवकर परत येतो, हाडाला धावण्याचा ताण पेलायला मात्र महिने लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात ही गत होते. शिन स्प्लिंटच असेल, तर दुखणं शमेपर्यंत धावण्याऐवजी सायकल चालवा, १५ मिनिटं फडक्यातून बर्फ लावा. माझा खरा भर पोटरीवर आहे : भिंतीला धरून, गुडघे किंचित वाकवून टाचा सावकाश उचला, तितक्याच सावकाश टेकवा. नंतर एक दिवसाआड १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं. पावलं आखूड टाका. आणि बाळ अजून अंगावर पीत असेल, तर वजनासाठी जेवण अजिबात तोडू नका.