ठेकेदाराच्या वह्या आणि मुलीची सांख्यिकी

सप्रेम नमस्कार.

कराडहून आलेल्या पत्रात आपण लिहिता की, मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिसऱ्या गणितात तिला एकदा केटी लागली होती (म्हणजे तो विषय राहिला होता), तिने एमपीएससी करावी अशी आपली इच्छा आहे आणि ती मात्र ‘इमारत पुरी व्हायला किती दिवस लागतील याचे सांख्यिकी अंदाज’ असल्या विषयाच्या नादी लागली आहे. दोन पानांच्या पत्रात तिच्या म्हणण्याला एवढीच अर्धी ओळ मिळाली आहे. मला केटीची नव्हे, या अर्ध्या ओळीची काळजी वाटते. मुलीने वडिलांच्याच धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न उचलला आहे आणि वडिलांना तो तिचा हट्ट वाटतो. ‘पंचवीस वर्षे ठेकेदारी केली, काम कधी संपेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही,’ असे आपण म्हणता. नेमकी तारीख सांगता येत नाही हे खरेच. म्हणून तर शक्यता मोजावी लागते.

हे काम सॉफ्टवेअर करते, तेव्हा प्रायमाव्हेरा या बांधकामाचे वेळापत्रक आखणाऱ्या सॉफ्टवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स पुरे, हा आपला समज मात्र चुकीचा आहे. ते सॉफ्टवेअर आपण भरलेल्या दिवसांवरून आणि कामांच्या क्रमावरून शेवटची तारीख काढून देते. प्लास्टरला बारा दिवस लागतील की वीस, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. शिवाय प्रत्येक कामापुढे एकच आकडा भरला की फसगत होते. समजा, ताबा देण्यापूर्वी लिफ्ट, वायरिंग आणि प्लंबिंग उरकायचे आहे, प्रत्येक काम वेळेवर होण्याची शक्यता शंभरात ८० आहे आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तरीही तिन्ही वेळेवर होण्याची शक्यता उरते अवघी ५१. प्रत्येक मिस्त्री ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो, कुणी खोटे बोलत नाही, आणि ताबा लांबतो. पावसाळा किंवा थकलेले बिल सगळ्यांनाच एकदम अडवते, तेव्हा हा हिशेब आणखी गुंततो.

ब्रोमिलो या संशोधकाने १९६९ साली ऑस्ट्रेलियातील इमारतींच्या नोंदींवरून दाखवले की, दुप्पट खर्चाच्या इमारतीला वेळ सुमारे सव्वापटच लागतो. ते प्रमाण कराडला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. त्यासाठी इथल्याच नोंदी हव्यात. २०१७पासून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पांची कबूल केलेली तारीख आणि मिळालेली मुदतवाढ कुणालाही पाहता येते. मात्र त्यातले फक्त पूर्ण झालेले प्रकल्प घेऊन सरासरी काढली, तर रखडलेले प्रकल्प हिशेबातून गळतात आणि अंदाज हमखास कमी येतो. अशा अपुऱ्या नोंदींसाठी माणसांच्या आयुर्मानाच्या अभ्यासातून आलेल्या पद्धती वापरतात. आपल्या मुलीने त्या शिकाव्यात. एका केटीने त्या शिकण्याचा रस्ता बंद होत नाही.

परीक्षांचे म्हणाल, तर गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन बांधकाम व्यवस्थापनातील एम.टेक. किंवा पुण्याच्या निकमार या बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम हे मार्ग आहेत. एमपीएससी तिला स्वतःला हवी असेल तरच द्यावी. पण त्याआधी वर्षभर साइटवर काढणे मी आवश्यक मानतो, कारण साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू साधारण चौदा दिवस का काढायचे नसतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या आलेखावर मुकादम विश्वास ठेवणार नाही.

आपल्याकडे प्रत्येक कामाच्या रोजच्या वह्या आहेत, असे आपणच लिहिले आहे. त्या तिला द्या. स्लॅबची ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख, पावसाने बुडालेले दिवस आणि बिल हाती पडल्याचा दिवस, एवढे तिने प्रत्येक मजल्यासाठी उतरवून काढावे आणि अडेल तिथे आपण शेजारी बसून सांगावे. ‘पैसे अडकल्याने अर्धवट राहिल्या’ असे ज्या दोन इमारतींबद्दल आपण ओझरते लिहिले आहे, त्यांच्या वह्या मागे ठेवू नका.